औषध वाटेत कुठे अडतं?

मित्रहो, आपण इथे तासभर बसणार आहोत. तेवढ्या वेळात जगात एड्समुळे सत्तरएक माणसं जातील. २०२४ मध्ये एड्सशी निगडित आजारांनी अंदाजे ६ लाख ३० हजार मृत्यू झाले. त्यांना वर्षभरातल्या तासांनी भागलं की एवढेच येतात. यातल्या बहुतेकांना जगवू शकतील अशी औषधं जवळजवळ तीस वर्षं उपलब्ध आहेत, आणि मला झोपू न देणारी गोष्ट ही आहे. म्हणून आज मी विषाणूबद्दल थोडं बोलेन, आणि औषध माणसापर्यंत पोचताना कुठे अडतं याबद्दल जास्त.

आधी आजचं चित्र पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या, म्हणजे यूएनएड्सच्या अंदाजानुसार २०२४ अखेर जगात ४ कोटी ८ लाख माणसं एचआयव्हीसह जगत होती. त्यातली निम्म्याहून अधिक पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत. ३ कोटी १६ लाख लोकांचे उपचार सुरू होते, ९२ लाखांचे नव्हते. वर्षभरात १३ लाख जणांना नव्याने लागण झाली. १९९०च्या दशकाच्या मध्यात हाच आकडा ३० लाखांच्या वर होता आणि २००४च्या सुमारास वर्षाला २० लाखांहून अधिक मृत्यू होत होते. म्हणजे खूप काही साधलं आहे, ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. बोट्स्वाना, एस्वातिनी, रवांडा या देशांत बाधित असलेल्या बहुतेक सगळ्यांना आपली बाधा ठाऊक आहे, ते औषध घेतात आणि त्यांच्या रक्तातला विषाणू दबलेला आहे. त्याच वेळी पूर्व युरोप आणि मध्य आशियात, पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत नवी लागण २०१०च्या तुलनेत वाढली आहे. साथ ओसरते आहे असं सरसकट म्हणता येत नाही, ते एवढ्यासाठी.

आता विषाणूकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्याच्या एका खोडीवर अवलंबून आहे. एचआयव्ही आपल्या प्रतिकारशक्तीच्या मुख्य पेशींत, सीडी फोर पेशींत शिरतो आणि स्वतःची जनुकीय माहिती पेशीच्या डीएनएमध्ये जोडून टाकतो. त्यातल्या काही पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. औषधं विषाणूची वाढ थांबवतात, पण या झोपलेल्या पेशींना हात लावू शकत नाहीत. त्यामुळे तपासणीत विषाणू सापडतसुद्धा नाही अशा माणसाने गोळ्या थांबवल्या, की बहुतेकदा काही आठवड्यांतच तो रक्तात परततो. औषध अधूनमधून चुकलं तर आणखी वाईट, कारण विषाणू त्या औषधालाच जुमानेनासा होतो. थोडक्यात, हा उपचार जन्मभराचा आहे आणि त्यात खंड चालत नाही. गोळ्या घेणाऱ्याचं हे कर्तव्य आहे असं आपण नेहमी म्हणतो. पुरवठा करणाऱ्यांचंही तेवढंच आहे, हे मात्र क्वचित म्हटलं जातं.

तीन औषधांच्या एकत्रित उपचाराने मरणपंथाला लागलेली माणसं उठून कामाला लागतात, हे १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत जगाने पाहिलं. श्रीमंत देशांत त्यानंतर मृत्यू झपाट्याने उतरले. आफ्रिकेत ते चढतच राहिले. वर्षभराच्या औषधाला १० हजार डॉलरहून अधिक पडत होते. २००० साली डर्बनच्या परिषदेत दक्षिण आफ्रिकेचे न्यायाधीश एडविन कॅमरन उभे राहिले. ते स्वतः एचआयव्हीबाधित. आपण जिवंत आहोत ते औषध विकत घेण्याची ऐपत आहे म्हणून, हे त्यांनी भर सभेत सांगितलं. त्याच परिषदेत जन्मापासून एचआयव्हीबाधित असलेला अकरा वर्षांचा न्कोसी जॉन्सन बोलला. पुढच्याच वर्षी, जून महिन्यात तो गेला.

फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्ला या भारतीय औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा असाच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. भारताच्या तेव्हाच्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट, म्हणजे तो बनवण्याचा एकाधिकार, मिळत नसे, म्हणून हे शक्य झालं. हा तपशील मी मुद्दाम सांगतो. विज्ञान १९९६ मध्येच तयार होतं, पण किंमत उतरायला पाच वर्षं लागली आणि पैसा उभा राहायला आणखी थोडी. एड्सविरुद्धच्या कामाला पैसा पुरवणारा ग्लोबल फंड २००२ मध्ये आला, अमेरिकेची पेपफार योजना २००३ मध्ये. मधल्या काळात गेलेली लाखो माणसं औषध नव्हतं म्हणून गेली नाहीत.

आज तीन औषधांची एकच गोळी निघते आणि गरीब देशांसाठी तिचा वर्षाचा खर्च ५० डॉलरच्या आत आला आहे. नियमित गोळ्या घेऊन ज्याचा विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता पक्कं ठाऊक आहे. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध. मुलांच्या बाबतीत मात्र आपण अजून मागे आहोत. बाधित प्रौढांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त उपचारांवर आहेत, मुलांपैकी जेमतेम निम्मी.

आणि मग आलं २०२५. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी रोखली. जीवरक्षक उपचारांना काही दिवसांत सूट मिळाली. लागण होण्याआधी घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांना मात्र ती गर्भवती आणि स्तनदा महिलांपुरतीच होती. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी पुरुष, सुईने नशा करणारे, तृतीयपंथी हे सगळे त्या सुटीबाहेर राहिले. जगभरातल्या नव्या लागणीत हे समूह आणि त्यांचे जोडीदार मिळून निम्म्याहून अधिक भरतात, हे माहीत असताना.

याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेत लेनाकापॅविर या इंजेक्शनला प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. विषाणूच्या जनुकांभोवतीच्या कवचावरच ते घाव घालतं आणि वर्षातून दोनदाच घ्यावं लागतं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ मुली आणि तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजच्या गोळ्यांच्या दोन गटांत मिळून ५५ जणींना झाली. गोळ्या निकामी होत्या असं नाही, त्या नियमित घेतल्या गेल्या नाहीत. घरात गोळ्यांची बाटली सापडली तर त्या मुलीला काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून सहा महिन्यांचं इंजेक्शन ही तिच्यासाठी नुसती सोय नाही.

अमेरिकेत त्याची वर्षाची किंमत २८ हजार डॉलरहून अधिक ठेवली गेली. मूळ कंपनीने १२० देशांसाठी स्वस्त उत्पादनाचे परवाने इतर कंपन्यांना दिले आहेत आणि २०२७पासून ते वर्षाला ४० डॉलरला मिळेल अशी घोषणा झाली आहे. एवढ्या लवकर एवढी कमी किंमत एचआयव्हीच्या इतिहासात पूर्वी ठरली नव्हती, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू त्या यादीत नाहीत. याच औषधाच्या दुसऱ्या चाचणीत या चारही देशांतल्या लोकांनी भाग घेतला होता. ज्यांनी ते आधी स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिलं, त्यांच्याच देशांना ते महाग पडावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

शेवटचा मुद्दा इंजेक्शन देण्याच्या पद्धतीचा. प्रत्येक डोसाआधी एचआयव्हीची तपासणी करावी लागते, कारण लागण झालेल्याला हे एकटं औषध दिलं तर विषाणू त्याला सरावतो. म्हणजे सहा महिन्यांनी ती मुलगी परत यायला हवी. ती यावी म्हणून तिची तारीख लक्षात ठेवणारं, तिच्या घरी बोभाटा न करता तिला निरोप देणारं कुणीतरी हवं. बऱ्याच देशांत हे काम वस्तीतल्याच बायका करतात, त्यातल्या अनेक स्वतः बाधित असतात. २०२५ मध्ये मदत थांबली तेव्हा ज्यांची कामं गेली, त्यांत अशा हजारो जणी होत्या.