पाटीवर फक्त नाव

(तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका वकिलाने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर संयोजकांनी माझ्या नावाआधी 'सुप्रसिद्ध फौजदारी वकील' असं छापलंय. प्रेमाने छापलंय, पण आधी तेच खोडतो. एक तर ते खरं नाही. कोर्टासमोरच्या गल्लीत दहा बाय बाराची खोली, दोन टेबलं, फायलींनी फुगलेली तीन कपाटं आणि एक कारकून, एवढं माझं ऑफिस. वाटपाचा दावा, पोटगी, चेक बाउन्स, जामीन, दारात येईल ते काम करतो. दुसरं म्हणजे तसं छापणं नियमात बसत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत ३६ क्रमांकाचा एक नियम आहे. वकिलाने जाहिरात करायची नाही, दलाल ठेवायचे नाहीत, आपण चालवत असलेल्या खटल्याच्या बातम्या पेपरात पेरायच्या नाहीत, सोबत फोटोही छापून आणायचे नाहीत. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी. आपण बारचे अध्यक्ष आहोत, पूर्वी न्यायाधीश होतो, अमुक कामात तज्ज्ञ आहोत, अमुक संस्थेशी किंवा चळवळीशी जोडलेले आहोत, यातलं काहीही पाटीवर लिहायचं नाही. २००८ साली वेबसाइटला मुभा मिळाली, तीही नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशा मोजक्या माहितीपुरती.

आता ज्याला पाटीवर आपल्या चळवळीचं नाव लिहायची बंदी आहे, त्याने गावापुढे उभं राहून समाजाबद्दल बोलावं का? आमच्या बार रूममध्ये यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, वकिलाने कोर्टात बोलावं, बाहेर बोलायला पुढारी आहेत. दुसरा पक्ष बाहेर इतका बोलतो की कोर्टात पुकारा झाला तरी त्याला पत्ता नसतो.

मला वाटतं, बोलावं. फक्त कशाबद्दल बोलायचं आणि कशाबद्दल गप्प बसायचं, यात आम्हा वकिलांची वाटणी चुकलीय. हातातल्या खटल्याबद्दल आम्ही कॅमेऱ्यासमोर भडाभडा बोलतो. कोर्टाच्या व्हरांड्यात रोज जे डोळ्यांना दिसतं, त्याबद्दल मात्र तोंडात मिठाची गुळणी.

आधी गप्प बसण्याचं सांगतो. अशिलाने वकिलाला कामाच्या नात्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये, हे जुन्या पुरावा कायद्यात कलम १२६ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते १३२ झालं. (कलमांचे आकडे बदलले की आमची तारांबळ उडते. फसवणुकीचं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालंय, पण 'काय तीनशे अठरा माणूस आहे' असं म्हणताना अजून मी कुणाला ऐकलेलं नाही.) ही गुप्तता अशिलाची आहे, वकिलाची नाही. काम संपलं, फी मिळाली, अशील वारला, तरी ती सुटत नाही.

मोठ्या शहरातला वकील 'नाव घेत नाही, पण एक केस सांगतो' असं म्हणू शकतो. आमच्याकडे तो मार्ग बंद. मी म्हणालो, 'एका गावात दोन भाऊ होते,' की तिसऱ्या वाक्याला मागच्या रांगेतून 'ओढ्याकाठचे ना?' असा आवाज येतो. म्हणून आज तुम्हाला किस्से मिळणार नाहीत. किस्से ऐकायला आला असाल तर मागे चहा आहे.

मग बोलायचं काय? एक पाहिलेली गोष्ट सांगतो. बाई माझ्या अशील नव्हत्या, आणि कोण होत्या ते मलाही माहीत नाही, म्हणून सांगता येते. व्हरांड्यातल्या बाकावर त्या शेजारणीला सांगत होत्या की पोटगीच्या कामासाठी वकिलाची फी भरायला बचत गटातून कर्ज उचललं. त्या बसल्या होत्या त्या बाकाच्या वर भिंतीवर तालुका विधी सेवा समितीचा फलक होता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ असं सांगतं की बाई असेल, मूल असेल, अनुसूचित जाती-जमातीतला माणूस असेल, कोठडीत असेल, तर सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. हा मजकूर त्या बाईंच्या डोक्यापासून हातभर वर होता. पण त्यावर निवडणुकीच्या वेळची एक नोटीस चिकटवलेली, आणि उरलेली मराठी अशी की मलाच दोनदा वाचावी लागली. 'विहित नमुन्यातील अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर करावा.' कुठला नमुना, कोण प्राधिकारी? खरं तर याच इमारतीत, त्या दाराशी जाऊन साध्या कागदावर अर्ज द्यायचा असतो.

मी त्यांना ते सांगितलं. बाईंनी मला विचारलं, "दादा, फुकटचा वकील नीट काम करतो का?"

या प्रश्नाला मी तेव्हा गोलमाल उत्तर दिलं. आज नीट देतो. काही जण जीव तोडून करतात. काही जण ती फाइल गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवतात. मी स्वतः विधी सेवेच्या वकिलांच्या यादीत, म्हणजे पॅनेलवर, होतो आणि दोन्ही करून बसलोय. पॅनेलची फी तुटपुंजी, बिल मंजूर व्हायला वेळ, आणि त्याच दिवशी पैसे मोजणारा अशील समोर खुर्चीत. मोह होतो. हे बोलायला कुठली गुप्तता आड येत नाही. तरी आम्ही बोलत नाही, कारण यात बदनामी दुसऱ्या कुणाची नसून आमची आहे.

वकिलाच्या बोलण्याला गावात वजन असतं, पण ते बोलणं स्वस्त नसतं. मोठ्या फर्ममध्ये कुणी काय बोलायचं याचं धोरण ठरलेलं असतं, आणि एक अशील गेला तर इमारत हलत नाही. आमच्यासारख्याचे अशील, शेजारी, सोयरे आणि मुलांचे मास्तर ही सगळी तीच माणसं. जातपंचायतीने कुटुंब वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने केलेला सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्यावर मी एका गावात, देवळासमोरच्या पारावर बोललो. लोक शांत बसून ऐकत होते. मला वाटलं, भाषण रंगलं.

आठ दिवसांनी त्याच गावातले दोघे ऑफिसात आले. चहा घेतला, पावसाचं बोलणं झालं. मग एकाने पिशवीतून दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि बोट नेमकं तिथे टेकवलं, जिथे जुन्या वकिलाने 'हरकत नाही' असं लिहून सही करायची असते. म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचं बोलणं खोटं नाही. पण आम्हाला गावात राहायचंय." मी सही केली, फाइल दिली. पहिल्यांदा रागच आला. आता नाही येत. मी बोलून एसटीने परत आलो होतो. ते तिथेच राहणार होते. मात्र त्यानंतर एक पथ्य पाळतो. गावात बोलायला जाताना कायद्यासोबत तक्रार कुणाकडे, कशी द्यायची आणि दिल्यावर मागे कोण उभं राहील, याची सोय लावून जातो. ती लागत नसेल तर भाषण पुढे ढकलतो.

आता कोर्टाविरुद्ध बोलण्याचं. लोक मला दबक्या आवाजात विचारतात, तुम्हाला अवमानाची भीती नाही का वाटत? वाटते. पण १९७१ च्या अवमान कायद्यातच लिहिलंय की निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका हा अवमान नाही. २००६ च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडलं. सार्वजनिक हितासाठी प्रामाणिकपणे सांगितलेलं सत्य हा बचाव कोर्ट मान्य करू शकतं. निकाल चुकला असं म्हणायला मज्जाव नाही. न्यायाधीशाने पैसे खाल्ले असं पुराव्यावाचून म्हणालात तर ते अंगाशी येणारच, आणि यावं. माझ्यापुरती मी अट घातलीय की निकाल पूर्ण वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. या एका अटीने वर्षातली माझी निम्मी मतं वाचतात.

आणि संप? आम्हा वकिलांचं ते आवडतं हत्यार. कोर्टाच्या कामावर बहिष्कार टाकायचा, म्हणजे चार तासांचा प्रवास करून आलेल्या साक्षीदाराला पुढची तारीख द्यायची. हरीश उप्पल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००२ च्या डिसेंबरात स्पष्ट सांगितलं की वकिलांना संपाचा हक्क नाही. त्याच निकालात निषेध कसा करता येईल तेही सांगितलंय. पत्रक काढा, मुलाखती द्या, दंडाला फीत बांधा, कोर्टाच्या आवाराबाहेर शांततेने मोर्चा काढा. म्हणजे काम थांबवू नका, बोला. आम्ही मात्र बोलण्याऐवजी काम थांबवणं पसंत करतो. ते सोपं. सगळे मिळून करतात, एकट्याचं नाव कुठे येत नाही.

एकट्याचं नाव म्हटलं की मला गणेश वासुदेव जोशी आठवतात, पुण्याचे सार्वजनिक काका. वकिलीतून वेळ काढून त्यांनी २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी केली. सभेचा सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांनी सह्या केलेलं मुखत्यारपत्र आणावं लागे. ही कल्पना मला फार आवडते, कारण ती वकिलाच्याच डोक्यात येणार! सरकारशी बोलायचंय ना, मग कुणाच्या वतीने बोलता त्याचा कागद दाखवा. १८७७ च्या दिल्ली दरबारात हा माणूस स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून गेला. तोवर ते मिरवण्यासारखं होतं. पण १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. सरकारविरुद्ध बंड केलेला माणूस, त्याच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे पोलिसांच्या नजरेत येणं. काकांची सभा अर्ज-विनंत्यांच्या मार्गाने जाणारी, फडक्यांचा मार्ग शस्त्राचा. तरी पुण्याच्या कोर्टात फडक्यांच्या बचावाला काका उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवलं. काका पुढच्याच वर्षी वारले.

हे मी तुम्हाला एवढ्या तपशिलाने का सांगतोय, तर काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक भयंकर गुन्हा घडला. कुठला, ते सांगत नाही. मोर्चे निघाले, बाजारपेठ बंद राहिली. दुसऱ्या दिवशी बार रूममध्ये रजिस्टर फिरलं. ठराव असा की या आरोपीचं वकीलपत्र आमच्यापैकी कुणीही घेणार नाही. रजिस्टर माझ्यापर्यंत आलं तेव्हा वर सहा-सात सह्या होत्या. देणाऱ्याने पेनही टोपण काढूनच दिलं. मला कायदा माहीत होता. अटक झालेल्याला आपल्या पसंतीचा वकील गाठण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे. आरोपी दोषी आहे असं वकिलाचं स्वतःचं मत असलं तरी त्याने बचाव करावा, असं आमच्या आचारनियमांतच आहे. आणि अगदी असलाच ठराव कोइम्बतूरच्या वकिलांनी काही पोलिसांविरुद्ध केला होता, तेव्हा मोहम्मद रफी प्रकरणात २०१० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की देशभरातले असे सगळे ठराव रद्दबातल आहेत. हे तिन्ही मला तोंडपाठ होतं. मी सही केली.

का केली, याचा विचार मी पुष्कळ केलाय. भीती होती, पण मारहाणीची नव्हती. उद्या चहाला कुणी हाक मारणार नाही, एवढीच. जातपंचायतीच्या बहिष्कारावर पारावर बसून मी जे सांगत होतो, तेच इथे टेबल-खुर्चीवर चाललं होतं.

पुढे विधी सेवेच्या पॅनेलवरून जिल्ह्याच्या ठिकाणचा एक तरुण वकील नेमला गेला. पहिल्या तारखेला तो आला तेव्हा बार रूममध्ये त्याला कुणी खुर्ची सरकवली नाही. व्हरांड्यात, फलकाखालच्या त्याच बाकावर बसून तो दोषारोपपत्राची नक्कल वाचत होता. दुपारी मी कारकुनाला पाठवून त्याला माझ्या ऑफिसात बोलावलं आणि दुसरं टेबल मोकळं करून दिलं. पंख्याखालचं. यात शौर्य काही नव्हतं, गल्लीत कुणी पाहत नाहीसं बघूनच दिलं. खटला संपेपर्यंत तो तिथे बसायचा. त्याने उलटतपास चांगला घेतला, एवढं सांगतो, निकालाचं सांगत नाही. शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, "सर, त्या ठरावावर तुमची सही होती का?" मी म्हणालो, "होती." तो बराच वेळ फाइल बांधत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलंच. नाहीतर तुम्ही टेबल पहिल्याच दिवशी सकाळी दिलं असतं."

वेळ संपत आलीय, संयोजक घड्याळाकडे बघतायत. प्रश्न जरूर विचारा, कायद्याचे विचारा, कोर्टाचे विचारा, माझ्या सहीबद्दलही विचारा. पण समोरच्या रांगेतले काका मघापासून हातात सातबारा धरून बसलेत, त्यांना विनंती की तो आत्ता घडी घालून खिशात ठेवा. चारचौघांत ते काढू नका. उद्या सकाळी एखाद्या वकिलाकडे जा. माझ्याकडे या, असं मला इथून म्हणता येत नाही. नियम ३६.