शुक्रवारची सुट्टी आणि दुपारचं ऊन

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात नवी नोकरी धरलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास चकतो. वागळे इस्टेट काय किंवा ठाणे-बेलापूर पट्टा काय, इथल्या अनेक कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी! पिंपरी-चिंचवडला हीच सुट्टी गुरुवारी. यामागे देवधर्म नाही, वीज आहे. सगळ्यांची यंत्रं एकदम चालली तर वीज पुरायची नाही, म्हणून वार वाटून दिले. तेव्हा विजेसाठी काम पुढेमागे करणं आपल्याला नवं नाही. तेव्हा वार पाहिले, आता तास पाहायचे.

कारण सौरऊर्जा. ती दुपारी उदंड असते, आणि नेमका सूर्य मावळायला आणि घणसोली-कोपरखैरण्याच्या घराघरांत दिवे, पंखे, एसी लागायला एकच गाठ पडते. म्हणून केंद्राने 2023 मध्ये नियम बदलले. 10 किलोवॅटच्या वरच्या उद्योगांना उन्हाच्या तासांत दर किमान 20 टक्के कमी आणि गर्दीच्या, म्हणजे विजेला सगळ्यात जास्त मागणी असलेल्या तासांत नेहमीच्या किमान 1.2 पट असावा, असं ठरलं.

मी रबाळ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये देखभाल बघतो. आमच्या खोल्या उणे 18 अंशांवर ठेवायच्या असतात. दुपारी आम्ही त्या उणे 23 पर्यंत उतरवतो आणि संध्याकाळी दोनपैकी एक कंप्रेसर बंद करतो. टनावारी गोठलेला मटार सावकाश तापतो. रात्री काटा उणे 19 च्या आसपास असतो. बॅटरी विकत घ्यायला नको, मटारच ती!

पहिल्या महिन्यात मात्र हसं झालं. स्वस्त वीज म्हणून दुपारी दोन्ही कंप्रेसर, माल झटपट गोठवणारा ब्लास्ट फ्रीझर आणि फोर्कलिफ्टचं चार्जिंग, सगळं एकदम लावलं. मॅक्झिमम डिमांड, म्हणजे एका वेळी ओढलेली सगळ्यात जास्त वीज, वीज कंपनीने आम्हाला मंजूर केलेल्या मर्यादेच्या वर गेली आणि वाचवलेले पैसे दंडात गेले. शेठनी बिल नुसतं टेबलावर सरकवलं, बोलले काहीच नाहीत. आता एक यंत्र स्थिरावलं की मगच दुसरं सुरू होतं.

हे सगळ्यांना जमणार नाही, आणि जमवा म्हणून मागेही लागू नये. प्लॅस्टिक मोल्डिंगवाल्याने मध्येच हीटर बंद केले तर प्लॅस्टिक वितळवणाऱ्या नळीत, बॅरलमध्येच माल थिजतो, मग साफ करत बसा. पण चिलर, पाणी चढवणारे पंप, बॅटरी चार्जिंग, ही कामं दोन तास इकडेतिकडे झाली तरी कुणाचं अडत नाही. माणसांच्या पाळ्यांना तर हातही लावावा लागत नाही.

आमचं खरं भांडण ट्रकवाल्यांशी आहे. माल भरायला ते नेमके संध्याकाळी येतात, आणि दार उघडं राहिलं की दुपारभर साठवलेली थंडी बघता बघता बाहेर, ट्रक लागतात त्या डॉकवर. म्हणून सहा वाजल्यानंतर माझं लक्ष कंप्रेसरवर कमी आणि त्या दारावर जास्त असतं.