‘माहीत शे’ : न आवडणाऱ्या नायकाविषयी

आपल्या वाचनालयाच्या किशोर विभागात एक इंग्रजी कादंबरी आहे. तिचे मुखपृष्ठ सुटले असून ते चिकटपट्टीने पुन्हा बसवलेले आहे, यावरूनच ती किती हातांतून गेली असेल हे कळते. गोष्ट शाळेत शिकणाऱ्या एका मुलीची आणि मनुष्य नसलेल्या एका मुलाची आहे. नायक नायिकेला पहिल्यांदा धमकावतो त्या परिच्छेदाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने आपल्या अहिराणीत लिहिले आहे, ‘हाऊ पोऱ्या बरा नही’, हा पोरगा बरा नाही. त्याखाली दुसऱ्या, बारीक अक्षरात उत्तर आहे, ‘माहीत शे’, म्हणजे माहीत आहे. ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहू नये, हे मी तीस वर्षे वर्गात सांगत आले. तरीही कबूल करते की आजच्या व्याख्यानाचा विषय मला त्या दोन ओळींनीच दिला.

पालक माझ्याकडे येतात तेव्हा त्यांची तक्रार ठरलेली असते. या पोरी काहीबाही वाचतात, पिशाच्चाच्या प्रेमात पडलेल्या नायिका पाहून यांची डोकी बिघडतील, यांना भलेबुरे कळत नाही. ‘माहीत शे’ लिहिणारीला सगळे कळते. वाचकाला ठाऊक आहे, हे धरून चालायला हरकत नाही. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे : जे वाचणाऱ्या मुलीला माहीत आहे, ते पुस्तकाला माहीत आहे का?

हा नायक अचानक उगवलेला नाही. 1816 च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी, पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींनी एकमेकांना भुताच्या गोष्टी रचून दाखवण्याची पैज लावली. त्यांत कवी बायरनचा तरुण डॉक्टर जॉन पोलिडोरी होता. त्याची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा 1819 साली छापून आली, आणि तीही आधी बायरनच्याच नावावर खपली. तिच्यातला उमराव देखणा, थंड, समाजात हवाहवासा आणि ज्याच्या आयुष्यात शिरेल त्याचा सत्यानाश करणारा आहे. बायरनला ओळखणाऱ्यांना तो कोणावरून बेतला आहे हे सांगावे लागले नाही. त्या उमरावाचे खरे रूप कळलेल्या तरुणाला त्याने एक वर्ष आणि एक दिवस गप्प राहण्याची शपथ घातलेली असते, आणि त्या शपथेपायी या तरुणाच्या बहिणीचा बळी जातो. म्हणजे कथेला सगळे माहीत आहे, फक्त बोलू शकणाऱ्याचे तोंड बांधलेले आहे. भयकथा म्हणतात ती ही.

पुढे 186 वर्षांनी, 2005 साली, स्टेफनी मायरची ‘ट्वायलाइट’ आली आणि तोच थंड, देखणा उमराव जीवशास्त्राच्या वर्गात शेजारच्या बाकावर येऊन बसला. तो 1901 साली जन्मलेला, 1918 च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरता मरता पिशाच्च झालेला आणि तेव्हापासून सतरा वर्षांचाच राहिलेला आहे. पहिल्या भेटीत तो नायिकेकडे द्वेषाने पाहतो. पुढे तिच्या नकळत रात्री तिच्या खोलीत शिरून तिला झोपलेली पाहत राहतो. हे कळल्यावर ती संतापत नाही, उलट सुखावते. आणि गोष्ट तीच प्रथमपुरुषी सांगत असल्यामुळे आपणही तिच्या छातीतल्या धडधडीच्या आतून ते पाहतो. ज्या निवेदकाच्या कानांनी आपण ऐकतो, त्याला जे गोड लागते ते आपल्यालाही काही काळ गोड लागते. हे निवेदनतंत्राचे सामर्थ्य आहे आणि त्यात लेखिकेचा दोष काढण्याचे कारण नाही. त्याच लेखिकेने 2020 साली तीच कथा त्या मुलाच्या तोंडून सांगितली, तेव्हा वाचकांना कळले की वर्गातल्या त्या पहिल्या तासाला तो मुलीला मारण्यासाठी साऱ्या वर्गाचा जीव घेण्याचे बेत मनाशी करत होता. प्रसंग एकच, एकदा तो तिटकारा वाटला, एकदा हत्याकांडाचा मसुदा.

इथे मला या प्रकारातल्या मुख्य सोयीकडे यायचे आहे. नायक मनुष्य नसला की त्याच्या प्रत्येक वागण्याला एक तयार कारण मिळते. तो काय करील बिचारा, त्याची योनीच तशी. रक्ताची तहान हे त्याचे प्राक्तन आहे, हे मी मान्य करते. पण ‘ट्वायलाइट’ मालिकेच्याच 2007 सालच्या भागात नायिकेने आपल्या मित्राकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनातला एक भाग काढून ठेवतो. इंजिन उघडणे कोणत्या पिशाच्चयोनीत मोडते, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. हे वागणे आपल्या ओळखीचे आहे. ते आपल्या गल्लीतल्या, मोटारसायकलवरून बसस्टॉपपर्यंत मागे येणाऱ्या मुलाचे आहे, आणि मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणे हा आपल्या कायद्यात 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दातांचे सुळे त्या वागण्याला झाकतात, एवढेच.

2009 सालची ‘हश, हश’ ही बेका फिट्झपॅट्रिकची कादंबरी याहून पुढे जाते. तिचा नायक पतित देवदूत आहे आणि नायिकेजवळ तो येतो तो तिला मारण्याच्या हेतूने, कारण तिच्या मृत्यूतून त्याला मनुष्यदेह मिळणार असतो. त्याच्या शेजारी बसणे नकोसे होऊन ती शिक्षकांकडे जागा बदलून मागते आणि ती मिळत नाही. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, पण मला त्या देवदूतापेक्षा त्या शिक्षकाचा राग जास्त आला. नायक वाईट असणे हा कथेचा प्रश्न नव्हे; पण ज्या जगात मुलीने तक्रार केल्यावर तिच्या बाजूने एकही मोठे माणूस बोलत नाही आणि कथेलाही त्यात काही वावगे दिसत नाही, ते जग लिहिणाऱ्याने पुन्हा एकदा तपासायला हवे होते.

तरीही मुली हे का वाचतात, याचे उत्तर ‘फॅशन’ म्हणून झटकू नये. आपल्याकडे एखादी मुलगी एसटी स्टँडवर एखाद्या मुलाशी दोन वाक्ये बोलली, तर ती घरी पोहोचण्याआधी बातमी घरी पोहोचलेली असते. अशा मुलीला ज्याचे गाव नाही, ज्याचे आडनाव कोणी विचारत नाही आणि जो भिंतीतून ये-जा करतो असा प्रियकर सोयीचा वाटला, तर नवल नाही. आणखीही एक गोष्ट आहे. या कादंबऱ्यांत ‘तो आपल्यातला नाही, हे जमायचे नाही’ असे वाक्य हटकून येते; तिथे त्याचा अर्थ तो पिशाच्च आहे असा असतो. आपल्या मुली ते वाक्य वाचतात तेव्हा त्यांना पिशाच्च आठवत नाही. योनी हा शब्द काढून तिथे कोणता शब्द बसतो, हे या सभागृहात उलगडून सांगण्याची गरज नाही. म्हणून या गोष्टी अमेरिकेतल्या पावसाळी गावात घडत असल्या तरी इथे परक्या वाटत नाहीत.

मग आपल्या परंपरेत असे प्रेम नव्हतेच का? मुंजा आहे, मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी गेलेला तो पिंपळावरचा पोरगा वयाने या नायकांच्या जवळचा आहे, पण त्याच्या प्रेमात पडल्याचे कोणी सांगत नाही, त्याला उतरवायला भगताला बोलावतात. खरी प्रेमकथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. हिडिंबा राक्षसी आहे, आणि भावाने तिला झोपलेल्या पांडवांना मारून आणायला पाठवले आहे. आई आणि भावांची राखण करत जागा असलेला भीम तिला आवडतो. देवदूताचा हेतू आणि हिडिंबेचे काम यांत फरक नाही; पण हिडिंबा सुंदर रूप घेऊन समोर येते आणि भीमाला पहिल्यांदा सांगते ती हीच गोष्ट, की मी कोण आहे आणि मला कशासाठी पाठवले आहे. अमानवी असूनही ती त्याचा आडोसा घेत नाही.

आणि आता गंमत पाहा. हिडिंब मारला गेल्यावर भीम तिच्यावरही उलटतो आणि तूही भावाच्या वाटेने जा म्हणतो. या कथेत न आवडणारा प्रियकर मनुष्य आहे आणि राक्षसी भली आहे. पण व्यासांना ते माहीत आहे, कारण युधिष्ठिर तिथेच त्याला अडवतो. राक्षसी असली तरी स्त्रीला मारू नकोस, असे सर्वांदेखत बजावतो. हिडिंबा आपले म्हणणे कुंतीपुढे मांडते. मग अटी ठरतात : दिवसा तिने भीमाला न्यावे, रात्री परत आणावे, मूल होईपर्यंत हा संबंध राहावा. अटी तिच्या बाजूने फारशा उदार नाहीत, आणि पुढे घटोत्कच झाल्यावर तो संबंध तिथेच संपतो तेही मला आवडत नाही. पण जे काही आहे ते उघड्यावर बोलून ठरलेले आहे. कोणी कोणाच्या खिडकीतून आलेले नाही.

खान्देशचा स्वतःचा न मरणारा तरुणही आहे. धडगाव तालुक्यात सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीच्या दिवसांत यात्रा भरते आणि तळोद्याकडून निघालेली पोरे रात्रीच्या अंधारात डोंगर चढतात. तो अस्तंबा ऋषी म्हणजे अश्वत्थामा. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत तो फिरतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, असे सांगतात. त्याने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे : द्रौपदीचे पाच मुलगे रात्री झोपेत मारले. भागवतात द्रौपदीच म्हणते की याला सोडा, माझ्यासारखी याची आई रडू नये. तो सुटतो, पण कपाळावरचा मणी काढून घेतला जातो. दया आणि शिक्षा एकाच प्रसंगात आहेत, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. आपल्या लोकांनी त्याला ऋषी म्हटले, त्याच्यासाठी डोंगर चढले. पण त्याची जखम बरी झाल्याची गोष्ट कोणी रचली नाही.

आपल्या काही विद्यार्थिनी प्रतिलिपी या ऑनलाइन कथांच्या मंचावर मराठीत अशा मालिका लिहितात, आणि त्यांतल्या एकीने मला विचारले की नायक चांगला केला तर कथेत उरते काय. मी तिला नायक चांगला करायला सांगितले नाही. तिला सुचवले ते एवढेच, की तळोद्याच्या एखाद्या दारात संध्याकाळी तेल मागायला कोणी उभा राहिला, तर आतल्या मुलीने वाटी भरून द्यावी आणि ती त्याच्या हातात असतानाच ही जखम कशाची म्हणून विचारावे. तो खरे बोलला तर एक कादंबरी होईल, न बोलला तर दुसरी. दोन्हींत मुलगी विचारणारी आहे.

पेन्सिलीच्या त्या दोन ओळी खोडाव्यात का, असे ग्रंथपालांनी मला विचारले होते, आणि मी नको म्हटले. आज व्याख्यानाला येण्याआधी ते पुस्तक पुन्हा काढून पाहिले. ‘माहीत शे’च्या खाली आता तिसऱ्या हस्ताक्षरात एकच शब्द आहे : ‘मंग?’