डुलत्या पिशव्या

हा आवाज ऐका. खट... खट... एका लयीत. रक्तपेढीत तो रात्रंदिवस चालू असतो.

काचेच्या कपाटात पसरट कप्पे इकडून तिकडे सरकतायत. त्यांवर पिवळसर द्रवाच्या पिशव्या. या प्लेटलेट्स, वाहतं रक्त थांबवणाऱ्या पेशी. थंडी त्यांना सोसत नाही, म्हणून त्यांना 20 ते 24 अंश सेल्सिअसमध्ये ठेवतात. निश्चल पडून राहिल्या तरी बिघडतात, म्हणून हे अखंड डुलवणं. एवढं जपूनही त्या साधारण पाचच दिवस टिकतात आणि त्यातला बराचसा पहिला दिवस तपासण्यांतच जातो.

रक्तदात्याच्या हाताशी असलेली पिशवीही अशीच डुलते. तिच्यात आधीच भरलेल्या द्रवातलं सायट्रेट सगळ्या रक्तात मिसळलं, तरच रक्त गोठत नाही. सायट्रेट घातलेलं रक्त माणसाला देण्याचे पहिले प्रयोग 1914 मध्ये झाले. त्याआधी बहुतेकदा दाता आणि रुग्ण यांना शेजारी शेजारी झोपवावं लागे. पुढे 1937 मध्ये शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी साठवून ठेवलेल्या रक्ताच्या साठ्याला ‘ब्लड बँक’ म्हटलं.

आता सेंट्रिफ्यूज. पिशवी गरगर फिरते. तांबड्या पेशी तळाशी बसतात, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ द्रव वर तरंगतो. दोन्ही वेगळे करायचे. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांत, त्या टिकवायला कोणता द्रव वापरलाय त्यानुसार 35 ते 42 दिवस. प्लाझ्मा उणे 18 अंशांखाली गोठवला की वर्षभर.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्यांचा निकाल येईपर्यंत पिशवी वेगळ्या फ्रिजमध्ये थांबते. कितीही घाई असो, ती तयार पिशव्यांच्या फ्रिजमध्ये यायची नाही. हा फ्रिज वेगळा आहे, याचा मला फार मोठा आधार वाटतो.

सकाळी तंत्रज्ञ एकेका पिशवीवरची तारीख वाचतो. जिची मुदत आधी संपते, ती पुढे. मोठ्या शिबिरानंतर कपाट भरून जातं, पण त्या दिवशीच्या सगळ्या प्लेटलेट्सची मुदतही एकाच दिवशी संपते. पुढच्या आठवड्यात ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, एखाद्या मुलाला त्या लागतील, तेव्हा या उपयोगाच्या नाहीत. म्हणून रक्तपेढीतली माणसं कळकळीनं सांगतात: सगळे एकाच दिवशी येऊ नका, थोडे थोडे येत राहा.

फोन वाजतो. तांबड्या पेशी हव्यात. रुग्णाच्या रक्ताचा नमुना आलाय. तंत्रज्ञ पिशवीच्या नळीचा बोटभर तुकडा कापतो आणि त्यातलं रक्त रुग्णाच्या रक्तद्रवाशी जुळवून पाहतो. गुठळी नाही. पिशवी शीतपेटीतून वॉर्डकडे निघते.

नळीचा उरलेला तुकडा मात्र इथंच राहतो, फ्रिजच्या कोपऱ्यात, रुग्णाच्या नमुन्याशेजारी. तिकडे रक्त चढवताना रुग्णाला थंडी वाजून ताप भरला, तर पुन्हा पडताळायला. तो काही दिवस तरी कुणी हलवायचा नाही.