त्यांचा देव कोणता?

[दृश्य : बर्मिंगहॅम, अलाबामा. सोळाव्या रस्त्यावरचं बॅप्टिस्ट चर्च.]

१५ सप्टेंबर १९६३. रविवार. सकाळचे १० वाजून २२ मिनिटं झाली होती. काळ्या समाजाच्या या चर्चच्या तळघरात मुली आरशासमोर तयार होत होत्या, कारण त्या दिवशीची उपासना तरुण मुलामुलींनी चालवायची होती. रविवारच्या शाळेतल्या धड्याचा विषय होता ‘क्षमा करणारं प्रेम’. पायऱ्यांखाली ठेवलेला डायनामाइट तेव्हाच फुटला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या तिघी आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर, चौघी जागीच गेल्या. एक रंगीत काचेची खिडकी चौकटीत तशीच उभी राहिली. तिच्यातल्या येशूचा चेहरा तेवढा उडाला होता.

आधुनिक अमेरिकेचा इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला या खिडकीपाशी यावंच लागतं. आणि इथे आलं की वर्गातून प्रश्न येतो, विशेषतः श्रद्धाळू घरातल्या मुलांकडून. बॉम्ब ठेवणारे गोरे वर्णद्वेषीही स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत होते ना? मेलेल्या मुलीही त्याच येशूची प्रार्थना करत होत्या ना? मग मी ज्यावर विश्वास ठेवतो, ते नेमकं काय आहे?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरं आहेत. शिक्षकाने दोन्ही टाळावीत असं मला मनापासून वाटतं.

पहिलं उत्तर : ‘ते खरे ख्रिस्ती नव्हतेच.’ ऐकायला बरं वाटतं, पण इतिहासाच्या वर्गात हे टिकत नाही. बॉम्ब ठेवणारे ज्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेचे होते, तिच्या मिसिसिपीतल्या एका हिंसक शाखेचा म्होरक्या सॅम बॉवर्स बायबलचा अभ्यासू होता, चर्चमधल्या रविवारच्या शाळेत शिकवत होता आणि आपण धर्मरक्षण करतो आहोत असं मानत होता. त्याला ख्रिस्ती जगातून परस्पर वगळलं, तर त्याच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या शेकडो सज्जनांना कोणी काही विचारतच नाही. दुसरं उत्तर याच्या उलट : ‘धर्म म्हणजे सत्तेचा मुखवटा, बाकी काही नाही.’ हेही तितकंच घाईचं आहे. का, ते १९६३ हे एकच वर्ष नीट वाचलं तरी कळतं.

[दृश्य : बर्मिंगहॅमच्या तुरुंगातली कोठडी. वर्तमानपत्राचा समास, त्यावर बारीक अक्षर.]

१२ एप्रिल, गुड फ्रायडे. मार्टिन ल्यूथर किंग यांना बर्मिंगहॅममध्ये वंशभेदाविरुद्धच्या निदर्शनांत अटक झाली. त्याच सुमारास शहरातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंचं पत्रक छापून आलं. आठांपैकी सात ख्रिस्ती होते, एक ज्यू रब्बी. निदर्शनं अविचारी आहेत, वेळ चुकीची आहे, न्याय हवा असेल तर न्यायालयात जा, असा त्यांचा सूर होता. किंग यांनी कोठडीत मिळेल त्या कागदावर, आधी वर्तमानपत्राच्या समासात, उत्तर लिहायला घेतलं. त्यावर तारीख आहे १६ एप्रिल.

हे आठजण क्लॅनवाले नव्हते, ही गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. वंशभेदाविरुद्धचे न्यायालयाचे निकाल पाळा, असं सांगणाऱ्या जानेवारीतल्या पत्रकावर यांच्यातल्या काहींच्या सह्या होत्या. त्यांच्यातले एक, अर्ल स्टॅलिंग्ज, यांनी ईस्टरच्या रविवारी आपल्या गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्या उपासकांना येऊ दिलं. किंग यांनी त्याच पत्रात त्यांचा नावानिशी गौरव केला आहे. चांगल्या माणसांनी ‘अजून थांबा’ म्हणणं किती जड पडतं, हे या पत्रातून जसं कळतं तसं पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींतून कळत नाही. म्हणून धर्मगुरूंचं पत्रक आणि किंग यांचं पत्र दोन्ही शेजारी ठेवून वाचायला द्यावीत. नुसतं उत्तर वाचून मुलांना किंग यांचा विजय दिसतो. ज्याला उत्तर दिलं ते वाचल्यावर प्रश्न दिसतो.

त्या पत्रात एक जागा आहे. किंग दक्षिणेतल्या देखण्या चर्चांबद्दल, आकाशाकडे गेलेल्या त्यांच्या कळसांबद्दल लिहितात आणि विचारतात : इथे कोणती माणसं उपासना करतात? त्यांचा देव कोणता?

वर्गातल्या मुलाने विचारलं ते हेच. किंग स्वतः धर्मगुरू, वडील धर्मगुरू, आईचे वडीलही धर्मगुरू. तेव्हा हा प्रश्न विचारला म्हणून कोणी श्रद्धेबाहेर गेला असं होत नाही. हे त्या मुलाला शिक्षकाने मोठ्याने सांगावं, सगळ्या वर्गासमोर.

आणखीही एक सांगावं. तेराव्या वर्षी किंग यांनी रविवारच्या शाळेत येशूच्या सदेह पुनरुत्थानालाच नकार देऊन सगळ्यांना हादरवलं होतं. पुढे धर्मशास्त्राचे विद्यार्थी असताना त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं. शंका घेणारा तो मुलगा पुढे जानेवारी १९५६मध्ये, मॉन्टगोमेरी शहरात काळ्यांनी बसमधल्या वंशभेदाविरुद्ध घातलेल्या बहिष्काराच्या दिवसांत, मध्यरात्री धमकीचा फोन ठेवून स्वयंपाकघरात कॉफीचा कप घेऊन बसला आणि आता आपल्यात बळ उरलं नाही, अशी कबुली देत प्रार्थना करू लागला. तीनच दिवसांनी त्याच्या घरावर बॉम्ब पडला. त्याची शंका आणि त्याची प्रार्थना यांतलं एक निवडून दुसरं लपवलं, तर माणूस अर्धाच शिकवला जातो.

[दृश्य : विनोना, मिसिसिपी. तुरुंगाची जुनी छायाचित्रं.]

१९६३चाच जून महिना. शेतमजुराच्या घरात वाढलेल्या, स्वतः कापूस वेचणाऱ्या काळ्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर मतदार नोंदणीच्या प्रशिक्षणाहून परतत होत्या. विनोनात त्यांना पकडलं आणि तुरुंगात इतकं मारलं की त्याचे परिणाम त्यांनी जन्मभर भोगले. त्या कोठडीत त्या भक्तिगीतं गात होत्या. जेलरची बायको त्यांच्याशी जरा मायेनं वागली, आपण ख्रिस्ती जीवन जगायचा प्रयत्न करतो असं म्हणाली. हेमरबाईंनी तिला बायबलमधले उतारे वाचायला सांगितले. त्यांतला एक ‘प्रेषितांची कृत्ये’मधला : देवाने सगळी राष्ट्रं एकाच रक्तापासून निर्माण केली.

तुरुंग एक, पुस्तक एक. मारणाऱ्यांच्या घरात ते होतं, मार खाणारीला ते पाठ होतं. धर्माला नुसता मुखवटा म्हणणाऱ्याने या बाईचं काय करायचं, ते आधी सांगावं.

त्याच जूनच्या १७ तारखेला वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी निकाल दिला की सरकारी शाळांनी सकाळी बायबलवाचन करवून घेणं घटनेला धरून नाही. अनेकांनी त्याचा अर्थ ‘शाळेतून देव हाकलला’ असा घेतला. पण न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी त्याच निकालात स्पष्ट लिहिलं आहे, की बायबलचा आणि धर्माचा वस्तुनिष्ठ अभ्यास शिक्षणाचा भाग म्हणून जरूर व्हावा. म्हणजे सरकारी शाळेतला शिक्षक ‘विश्वास ठेव’ म्हणू शकत नाही, ‘सोडून दे’ही म्हणू शकत नाही. हेमरबाईंनी कोणता उतारा सांगितला आणि का, हे मात्र तो पूर्ण तासभर शिकवू शकतो. चर्चच्या शाळेतल्या शिक्षकाला श्रद्धेबद्दल बोलायची मोकळीक आहे. त्याच्यावर जबाबदारी जास्त, कारण तिथे गोष्टी झाकायचा मोहही जास्त.

[दृश्य : अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), जुन्या मिशन शाळेचा परिसर.]

मराठी माणसाला ही गुंतागुंत परकी नाही. १८१३मध्ये मुंबईत उतरलेल्या मिशनऱ्यांना ‘अमेरिकन बोर्ड’ या ज्या मिशनरी संस्थेने पाठवलं, त्याच बोर्डात गुलाममालकांच्या देणग्या घ्याव्यात का यावरून १८४०च्या दशकात भांडणं झाली आणि १८४६मध्ये गुलामगिरीविरोधकांनी वेगळी संस्था काढली. नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा याच बोर्डाच्या मिशनची. ती पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. पुढे १८७३मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. सगळ्या अमेरिकेला नव्हे, सदाचारी लोकांना. जोतीराव शब्द मोजून वापरत.

[दृश्य : चर्चची आजची खिडकी.]

बर्मिंगहॅमचा खटला रेंगाळला. रॉबर्ट चॅम्ब्लिस १९७७मध्ये दोषी ठरला, टॉमस ब्लँटन २००१मध्ये, बॉबी फ्रँक चेरी २००२मध्ये. चौथा संशयित खटला न होताच मेला. खिडकीसाठी वेल्समधल्या सामान्य लोकांनी वर्गणी काढली आणि १९६५मध्ये तिथे जॉन पेट्स यांनी केलेली नवी काच बसली. तिच्यातला येशू काळा आहे.

आणि १९९५मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या बॅप्टिस्ट चर्चांच्या संघटनेने ठराव करून गुलामगिरीतल्या आणि वंशभेदातल्या आपल्या वाट्याबद्दल काळ्या अमेरिकनांची माफी मागितली. ही संघटना १८४५मध्ये जन्मली तीच मुळी गुलाम बाळगणाऱ्यांना मिशनरी होऊ द्यावं या आग्रहातून. मधे दीडशे वर्षं गेली. हा ठराव मुलांच्या हातात द्यावा, वाचायला पुरेसा वेळ द्यावा आणि विचारावं : यात काय कबूल केलं आहे, काय राहून गेलं आहे, आणि तुम्ही त्या सभागृहात असता तर मत कुणीकडे दिलं असतं?