अर्जुन : एका नावाची अनेक कुळे

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

'अर्जुन' हे नाव आपल्या गावांत, शाळांच्या हजेरीपटांवर आणि लग्नपत्रिकांवर इतके रुळलेले आहे की त्याचा अर्थ विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. विचारलाच, तर अर्जुन म्हणजे कुंतीचा धाकटा मुलगा, पांडवांतला तिसरा, श्रीकृष्णाचा सखा, असे उत्तर मिळते. हे नाव कोणाचे ते या उत्तराने कळते, पण नावाचा अर्थ कळत नाही. दुसरीकडे बाळांच्या नावांची पुस्तके चाळली, तर 'पांढरा', 'तेजस्वी', 'निर्मळ', 'सरळ', 'मिळवणारा' असे अर्थ एकाच ओळीत शेजारी शेजारी मांडलेले दिसतात, जणू ते सगळे एका वेळी आणि एका जागी जन्मले आहेत. तसे ते जन्मलेले नाहीत. हा शब्द आधी रंग सांगणारे एक साधे विशेषण होता. पुढे तो एका वीराचे नाव झाला. आणि तो वीर एवढा मोठा ठरला की नंतरच्या लोकांनी वीराकडे पाहून शब्दाचे अर्थ लावले. आज मला सांगायचे आहे ते एवढेच, पण त्याचा तपशील रंजक आहे.

सुरुवात ऋग्वेदापासून करू. सहाव्या मंडलातील नवव्या सूक्ताचा आरंभ 'अहश्च कृष्णमहरर्जुनं च' असा आहे. एक दिवस कृष्ण आणि एक दिवस अर्जुन, म्हणजे रात्र आणि उजेडाचा दिवस, हे दोघे आळीपाळीने फिरत राहतात, असे ऋषी सांगतो. कृष्ण आणि अर्जुन ही जोडी येथे एका ओळीत आहे, आणि तिचा महाभारतातील जोडीशी काहीही संबंध नाही. ते केवळ दोन रंग आहेत. सातव्या मंडलात याहून गमतीची जागा आहे. घरातली सगळी माणसे झोपावीत म्हणून म्हटलेल्या एका सूक्तात ऋषी राखणीच्या कुत्र्याला 'अर्जुन सारमेय' अशी हाक मारतो, म्हणजे सरमेच्या, देवांच्या कुत्रीच्या, पांढऱ्या पिल्ला, तू दात विचकतोस तेव्हा ते भाल्यांसारखे चमकतात, आता झोप. गीतेतल्या 'अर्जुना' या संबोधनाची सवय झालेल्या कानांना हे चमत्कारिक वाटेल, पण त्या काळी शब्दाला मोठेपणा चिकटलेला नव्हता. अथर्ववेदात तर शरीरातल्या जंतूंचा नाश करण्याच्या मंत्रात एका किड्यालाही 'अर्जुन' म्हटले आहे.

या शब्दाचे भाऊबंद दूरवर पसरलेले आहेत. भाषाशास्त्रज्ञ त्याला चमकणे, शुभ्र असणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात. आपला 'रजत', ग्रीकांचा चांदीसाठीचा 'आर्गुरोस' आणि रोमनांचा 'आर्जेंटम' हे त्याच घराण्यातले शब्द आहेत. रसायनशास्त्राच्या पुस्तकात चांदीची खूण 'एजी' अशी असते ती या लॅटिन शब्दामुळे, आणि अर्जेंटिना या देशाचे नावही तेथूनच आले. ग्रीक 'आर्गोस' या विशेषणाचे दोन अर्थ होतात, चकाकणारा आणि चपळ. होमरच्या महाकाव्यात वीस वर्षांनी घरी परतलेल्या धन्याला ओळखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचे नावही आर्गोस हेच आहे. वेदातला कुत्रा आणि होमरचा कुत्रा यांच्यात कथेचे नाते नाही, परंतु दोघांना मिळालेले शब्द एका मुळाचे आहेत.

विशेषणाचे व्यक्तिनाम कधी झाले? ऋग्वेदात कुत्स नावाच्या एका योद्ध्याला 'आर्जुनेय' म्हटले आहे. याचा अर्थ त्याची आई अर्जुनी किंवा पिता अर्जुन असा काहीतरी होतो, आणि माणसांत हे नाव त्या काळीही होते, असे त्यावरून दिसते. हा कुत्स इंद्राबरोबर एकाच रथात बसून लढायला जातो. देव आणि मर्त्य योद्धा एका रथात, हे चित्र पुढे कुरुक्षेत्रावर पुन्हा दिसते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यावरून फार मोठा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही.

त्यापेक्षा भक्कम दुवा शतपथ ब्राह्मणात आहे. फल्गुनी या नक्षत्रांची चर्चा करताना तो ग्रंथ सांगतो की ती इंद्राची नक्षत्रे आहेत, त्यांचे खरे नाव 'अर्जुनी' आहे, कारण अर्जुन हे इंद्राचे गुप्त नाव आहे, आणि ते उघड उच्चारायला नको म्हणून लोक आडवळणाने 'फल्गुनी' म्हणतात. ऋग्वेदातील विवाहसूक्तातही सूर्येची, म्हणजे सूर्याच्या मुलीची, पाठवणी अर्जुनी नक्षत्रांवर होते. म्हणजे अर्जुन आणि फाल्गुन ही एकाच नक्षत्रजोडीची दोन नावे झाली. आपण होळी पेटवतो तो महिना या नक्षत्राचा आहे. आता महाभारताचा नायक इंद्राचा पुत्र आहे, त्याचे एक नाव अर्जुन आहे, दुसरे फाल्गुन आहे, आणि आपला जन्म फल्गुनी नक्षत्रांवर झाला असे तो स्वतः सांगतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. इंद्राच्या मुलाला इंद्राचेच झाकलेले नाव मिळाले आहे, आणि हे नाव केवळ गोऱ्या रंगावरून पडले असे म्हणणाऱ्यांनी ही बाजू अवश्य पाहावी.

कारण रंगाचा हिशेब जुळतच नाही. महाभारतातला अर्जुन सावळा आहे. पांढरा या अर्थाचे नाव सावळ्या माणसाला कसे, हा प्रश्न महाभारतकारांनाही पडला असावा, आणि त्याचे उत्तर त्यांनी विराटपर्वात देऊन ठेवले आहे. अज्ञातवासाच्या शेवटी बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन राजपुत्र उत्तराला घेऊन शमीच्या झाडापाशी येतो. आपण दसऱ्याला ज्या शमीची आठवण काढतो, तीच ही. झाडावर लपवलेली शस्त्रे आपली आहेत असे तो म्हणतो, तेव्हा घाबरलेला पण सावध उत्तर परीक्षाच घेतो, की तू खरा अर्जुन असशील तर तुझी दहा नावे सांग आणि ती का पडली तेही सांग. मग अर्जुन आपली नावे एकेक करून उलगडतो. 'अर्जुन' या नावाविषयी तो म्हणतो की चारी दिशांच्या पृथ्वीवर माझ्यासारखी कांती दुर्मिळ आहे आणि मी कर्मही निर्मळ करतो. दहावे नाव 'कृष्ण'. ते पित्याने लाडाने ठेवले, कारण बाळ 'कृष्णावदात' होते. हा समास नीट पाहण्यासारखा आहे. 'अवदात' म्हणजे उजळ, स्वच्छ. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात पांढऱ्या रंगाचे शब्द दिले आहेत त्यांत 'अवदात' आणि 'अर्जुन' एकाच श्लोकात येतात. कृष्णावदात म्हणजे काळेपणातही उजळ असलेला, तेजाळ सावळा. एका शब्दात दोन्ही नावे सांभाळून घेणारा हा कवी भाषेचा पक्का होता.

येथून पुढे अर्थाची दिशा बदलते. शंकराचार्य गीतेच्या अठराव्या अध्यायात 'अर्जुन' या संबोधनावर थांबून शुद्ध अंतःकरणाचा असा अर्थ देतात, आणि आधाराला काय घेतात, तर मघाशी सांगितलेली 'अहश्च कृष्णम्' ही ऋचा. ऋचेत दिवसाचा उजेड होता. भाष्यात तो मनाचा उजेड झाला. व्याकरणपरंपरेने हा शब्द मिळवणे या अर्थाच्या 'अर्ज्' धातूपासून साधला. मग अर्जुन म्हणजे मिळवणारा, आणि राज्ये जिंकून धन आणणारा 'धनंजय' त्याला शोभूनही दिसला. प्रवचनांत आणखी एक व्युत्पत्ती ऐकू येते, ऋजु म्हणजे सरळ, म्हणून अर्जुन; ती ऐकायला गोड आहे आणि वीराच्या स्वभावाला साजेशी आहे, एवढेच. (आपण सरकारदरबारी करतो तो अर्ज अरबी आहे. त्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही, आणि तसा संबंध जोडणारे मी पाहिले आहेत म्हणून हे सांगितले.) व्युत्पत्ती म्हणून या दोन्ही उपपत्तींना मी फारसे महत्त्व देत नाही, पण लोकांना अर्जुन कसा हवा होता याचा पुरावा म्हणून त्या फार मोलाच्या आहेत. तो लोकांना किती हवा होता हे पाणिनीच्या एका सूत्रातही दिसते: वासुदेवाचा भक्त तो 'वासुदेवक', तसा अर्जुनाचा भक्त तो 'अर्जुनक', असा शब्द त्या सूत्राने सिद्ध होतो. शब्दासाठी नियम करावा लागला, म्हणजे असे म्हणवून घेणारे लोक होते.

माणसाखेरीज हे नाव धारण करणारे सर्वांत परिचित काही असेल तर ते झाड. आपल्याकडे त्याला अर्जुन किंवा अर्जुनसादडा म्हणतात. नदीओढ्यांच्या काठी वाढणारा हा उंच वृक्ष त्याच्या गुळगुळीत, पांढुरक्या, ढलप्या सुटणाऱ्या सालीमुळे लांबूनही ओळखू येतो. साल पांढरी म्हणून झाड अर्जुन, एवढा हा सरळ व्यवहार आहे, आणि वीराच्या नावाशी त्याला देणेघेणे नसावे. तरी अमरकोशात याच झाडाची 'वीरतरु' आणि 'इंद्रद्रु' अशीही नावे आहेत. झाडाच्या नावांतही इंद्र आणि वीर येऊन बसलेले दिसतात. वैद्य ही साल हृदयविकारावर दुधात उकळून देत आले आहेत. भागवतात बाळकृष्ण उखळ ओढत नेऊन पाडतो ते यमलार्जुन म्हणजे हीच दोन जुळी झाडे. वैद्यकात आणखी एक अर्जुन आहे आणि तो पांढरा नसून लाल आहे: डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सशाच्या रक्तासारखा जो एक ठिपका उमटतो, त्या रोगाला सुश्रुत 'अर्जुन' म्हणतो. कोशकारांनी मोर, गवत आणि आईचा एकुलता एक मुलगा असेही अर्थ नोंदवले आहेत. 'अर्जुनी' म्हणजे गाय.

झाड की वीर, हा प्रश्न एका मोठ्या माणसाच्या नावात प्रत्यक्ष उभा राहिला. शून्यवादाचा बौद्ध आचार्य नागार्जुन याचा जन्म तिबेटी परंपरा विदर्भात झाला असे सांगते. त्याचे ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा नावाचे भाषांतर करणे भाग पडले. कुमारजीव या बौद्ध भाषांतरकाराने चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात जे रूप रूढ केले त्याचा अर्थ 'नाग-वृक्ष' होतो, आणि कुमारजीवाच्या नावावर असलेल्या नागार्जुनाच्या चरित्रात आईने या आचार्याला अर्जुन वृक्षाखाली जन्म दिला असे म्हटले आहे. सातव्या शतकात भारतात येऊन गेलेल्या ह्युएन त्संगाला हे पटले नाही. त्याने 'नाग-पराक्रमी' अशा अर्थाचे रूप वापरले, कारण त्याच्या लेखी अर्जुन म्हणजे महाभारतातला वीर होता. दोघेही मोठे भाषांतरकार आणि दोघेही संस्कृतचे जाणकार, तरी एकाला झाड दिसले आणि दुसऱ्याला योद्धा. चिनी बौद्धांमध्ये कुमारजीवाचे झाडच अधिक टिकले.

आपल्या घरांत वावरणारा एक अर्जुन पांडव नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. वस्तू हरवली की घरातली वडीलधारी मंडळी 'कार्तवीर्यार्जुनो नाम राजा बाहुसहस्रवान्' हा श्लोक म्हणायला सांगतात, त्यातला हा अर्जुन. कृतवीर्याचा मुलगा, माहिष्मतीचा हैहय राजा, दत्तात्रेयांच्या कृपेने हजार बाहू मिळालेला सहस्रार्जुन. याच राजाने जमदग्नींच्या आश्रमातली गाय बळाने नेली, त्यातून परशुरामाने त्याला मारले आणि पुढचा सगळा संहार झाला. माहूरच्या रेणुकेची कथा सांगणारे या राजाला खलनायक म्हणून सांगतात, आणि त्याच प्रदेशात हरवलेली वस्तू सापडावी म्हणून त्याचेच स्मरण करतात. दुसऱ्याची गाय नेणाऱ्याकडे आपली वस्तू मागायची, यात विसंगती आहे खरी, पण श्रद्धेला तिचा अडथळा झालेला नाही. शिवाय हे नाव पांडवाच्या मालकीचे नव्हते, याचा हा पुराणांतला स्वच्छ दाखला आहे.

पंजाबात या नावाचे 'अर्जन' झाले. तेथे ते ऐकताच पहिले स्मरण होते ते पाचवे गुरू अर्जन देव (1563–1606) यांचे. त्यांनी 1604 मध्ये आदिग्रंथाची सिद्धता केली आणि ते हौतात्म्य पावले. भारतीय वायुदलाचे मार्शल अर्जन सिंग यांच्यासारख्यांच्या नावामागे धनुर्धरापेक्षा गुरूंची परंपरा अधिक जवळची आहे.

सर्वांत दूरचा मुक्काम जावा बेटावर. अकराव्या शतकात ऐरलंग राजाच्या काळात म्पू कण्व या कवीने प्राचीन जावानी भाषेत अर्जुनाच्या तपश्चर्येवर आणि विवाहावर काव्य रचले. पूर्व जावातल्या 3,339 मीटर उंचीच्या ज्वालामुखीचे नाव अर्जुनो आहे, आणि दिएंगच्या पठारावरच्या जुन्या मंदिरांतले एक अर्जुनाच्या नावाने ओळखले जाते. बेट पुढे बहुसंख्येने मुसलमान झाले, तरी वायांगच्या छायानाट्यातला सडपातळ, मान किंचित झुकवलेला, मृदुभाषी अर्जुन लोकांच्या मनातून गेला नाही, आणि आजही तेथील मुसलमान घरांत मुलाचे नाव अर्जुन ठेवतात. तेथे त्या नावाचा अर्थ पांढरा नाही, मिळवणारा नाही, सरळही नाही. इंडोनेशियात एखाद्या तरुणाला 'अर्जुन' म्हटले की तो देखणा आहे आणि मुलींची मने जिंकणारा आहे, असे समजायचे. ज्या शब्दाने एकेकाळी कुत्र्याचा आणि दिवसाचा रंग सांगितला जाई, तो इतकी शतके विशेषनाम म्हणून वावरल्यावर तेथे पुन्हा विशेषणासारखा वापरात आला आहे.