पावरी ऐकताना पायांकडे बघा
(मंडळाच्या दिवाळी मेळाव्यातील भाषण, किंचित संपादित)

बठा मंडईसले राम राम!

खान्देश म्हटलं की इथं शेवभाजी, भरीत आणि बहिणाबाई आठवतात. मला पिंपळनेरच्या पश्चिमेचे डोंगर आठवतात. वडील तिकडच्या एका आश्रमशाळेत शिक्षक होते आणि आमच्या शेजारी कोकणा या आदिवासी जमातीतले एक बाबा राहायचे. ते पावरकर, म्हणजे पावरी वाजवणारे.

वाळवून पोखरलेला दुध्या भोपळा, त्याला बांबूच्या नळ्या, टोकाला बैलाचं शिंग, सांध्यांना मधमाश्यांचं मेण, वर मोरपिसं अशी ही पावरी. भोपळा वेलीवर असतानाच बाबा तो हेरून ठेवायचे. मग कोणी त्याची भाजी करायची नाही!

पावसाळ्यात नागली-भाताची शेती, पुढे मिळेल ती मजुरी. पण मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव आला की बाबा घरी सापडत नसत. माउल्या, म्हणजे या उत्सवातले भक्त, गावोगाव नाचत जायच्या, सोबत पावरी. रात्री थाळकर पितळी थाळीत मेणानं उभी केलेली काडी बोटांनी ओढत कथा सांगायचा. पौर्णिमेला सगळे डोंगरावर.

प्रत्येक नाचाचा चाळा, म्हणजे पावरीवरची धून, वेगळा. जुने चाळे बाबांना वडिलांकडून आले, काही त्यांनी स्वतः बांधले. त्यातला एक माझ्या डोळ्यांदेखत झाला. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा पाय पोलिओनं बारीक झाला होता. कमरेला हात घालून नाचताना तो मागे पडायचा, साखळी तुटायची, पोरं त्याला बाहेर काढायची. बाबा दोन संध्याकाळ नुसते त्याच्या पायांकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वळणावर एक सूर लांबवला. तेवढ्यात त्याचा पाय येऊन टेकायचा. सगळी साखळी त्या सुरावर थांबायला शिकली. पुढे तो नसतानाही थांबायची.

मी नंतर पुण्यात गाणं शिकलो, सम आणि तिहाई शिकलो. त्या थांबण्याला रचना म्हणतात, हे मात्र मला फार उशिरा कळलं. तोवर बाबा थकले होते. शेवटच्या भेटीत त्यांनी अंगणात बसून तोच चाळा वाजवला, मी मोबाईलवर घेतला. आता बाबा नाहीत.

तो चाळा आता ऐकवतो. सुरुवातीला कोंबडा आरवतो, ते मी कापलेलं नाही. खुर्च्या जरा मागे सरकवा आणि एकमेकांच्या कमरेला हात घाला. वळणावर सूर लांबेल, तेव्हा थांबा.